कृत्रिम सांध्यांतील प्लॅस्टिक



गुडघा बदलला, खुबा बदलला, ही भाषा आतां आपल्या घरांतून इतकी परिचित झाली आहे कीं, कोणाच्या आजीनें गुडघा बदलून घेतला हें ऐकून कोणी दचकत नाहीं. शस्त्रक्रिया कोठें केली, खर्च किती आला, आजी किती दिवसांनीं जिना चढूं लागली, या सर्व गोष्टींची चौकशी होते. बसविलेला धातु कोणता, सांधा देशी कीं परदेशी, याचीहि चर्चा होते. परंतु त्या दोन धातूंच्या मध्यें बहुधा एक प्लॅस्टिकची चकती असते, आणि सांध्याचें पुढील आयुष्य पुष्कळ अंशीं त्या चकतीवर अवलंबून असतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. आज मी त्या चकतीविषयीं बोलणार आहें. ती कां झिजते, कशी बिघडते, आणि ती बिघडली असतां हाडाला त्याचा उपद्रव कां होतो, हें आपणांस समजून घ्यावयाचें आहे. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर आहें. उपचार सांगणें हा माझा अधिकार नव्हे. पण वस्तु कशी बनते आणि कशी नासते हें सोपें करून सांगणें मास्तराच्या कामांत बसतें.

प्रथम रचना पाहूं. खुब्याचा सांधा म्हणजे वाटींत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक गोल असतें आणि तें कमरेच्या हाडांतील वाटीसारख्या खळग्यांत बसतें. गुडघ्याची गोष्ट निराळी. तेथें मांडीचें हाड नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर गडगडतें, सरकतें आणि किंचित् वळतेंहि. दोन्ही ठिकाणीं निसर्गानें हाडांच्या टोंकांना कूर्चेचें गुळगुळीत अस्तर दिलेलें असतें आणि वंगणासाठीं सांध्यांत स्निग्ध रस ठेवलेला असतो. हें अस्तर झिजलें म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें व चालणें असह्य होतें. अशा वेळीं शस्त्रवैद्य खुब्याच्या गोल टोंकाच्या जागीं धातूचा अगर चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा गोळा बसवितात आणि खळग्यांत प्लॅस्टिकची वाटी किंवा प्लॅस्टिकचें अस्तर असलेली धातूची वाटी ठेवतात. गुडघ्यांत वरच्या हाडाला धातूचें टोपण, खालच्या हाडाला बहुधा धातूची बैठक, आणि दोहोंच्या मध्यें साधारण आठ-दहा मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची चकती असते. कूर्चेचें काम या प्लॅस्टिकनें करावयाचें असतें. मात्र कूर्चा जिवंत, प्लॅस्टिक निर्जीव. त्याचा गेलेला कण परत यावयाचा नाहीं.

हें प्लॅस्टिक सांध्यांत कसें आलें ही हकीकत उद्बोधक आहे. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत रायटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्नली नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यांचा विचार असा कीं, शरीरांतील रस कृत्रिम सांध्याला नैसर्गिक सांध्यासारखें वंगण पुरवूं शकत नाहीं. तेव्हां पदार्थच असा घ्यावा कीं जो मुळांत निसरडा आहे. त्यांनीं टेफ्लॉन निवडलें. आज न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो तेंच हें. निसरडेपणांत त्याचा हात धरील असें दुसरें प्लॅस्टिक नव्हतें. १९५८ च्या सुमारास आरंभ करून त्यांनीं सुमारें तीनशें रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या. रुग्ण वेदनेंतून सुटले व चालूं लागले. परंतु दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजून गोळा आंत रुतूं लागला आणि झिजलेल्या भुकटीचा पिठूळ लगदा सांध्याभोंवतीं साठूं लागला. ज्यांना चालतें केलें त्यांच्यावरच पुन्हां शस्त्र चालविण्याची पाळी त्या वैद्यावर आली.

त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत हॅरी क्रेव्हन नांवाचे कुशल कारागीर होते. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. १९६२ च्या मे महिन्यांत, मागांना लागणारीं प्लॅस्टिकचीं दंतचक्रें विकणारा एक विक्रेता क्रेव्हन यांच्याकडे आला आणि त्या प्लॅस्टिकचा एक तुकडा ठेवून गेला. चार्नली यांना तो पसंत पडला नाहीं. पण क्रेव्हन यांनीं तो झिजेची परीक्षा घेणाऱ्या यंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलें. तीन आठवड्यांनीं पाहतात तों, टेफ्लॉन एका दिवसांत जितकें झिजे तितकेंहि तें झिजलें नव्हतें. हें प्लॅस्टिक म्हणजे अतिदीर्घ साखळ्यांचें पॉलिएथिलीन. १९६२ च्या नोव्हेंबरांत तें प्रथम रुग्णाच्या खुब्यांत बसविण्यांत आलें. चार्नली यांनीं आणखी एक गोष्ट केली. टेफ्लॉनचे व पॉलिएथिलीनचे नमुने त्यांनीं स्वतःच्याच मांडींत घालून घेतले. कांहीं महिन्यांनीं टेफ्लॉन होतें तेथें गांठी हाताला लागूं लागल्या. पॉलिएथिलीनच्या जागीं कांहीं लागेना. हा अनुभव त्यांनीं १९६३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. या हकीकतींत दोन धडे आहेत. निसरडेपणा आणि टिकाऊपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत, हा पहिला. दुसरा असा कीं, अखंड तुकडा शरीराला सोसतो म्हणून त्याची भुकटीहि सोसेलच असें नाहीं. या दुसऱ्या धड्याचा पुरता अर्थ ध्यानांत यावयास पुढें पंचवीस-तीस वर्षें लागलीं.

आतां या पदार्थाची घडण पाहूं. पॉलिएथिलीन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीचेंच कुळ. कर्बाचे अणु एकाला एक जोडून लांब साखळी करावयाची आणि प्रत्येक कर्बाच्या अंगाला हायड्रोजनचे अणु लावावयाचे, एवढीच त्याची रचना. पिशवीच्या व सांध्याच्या प्लॅस्टिकमधील भेद साखळीच्या लांबींत आहे. सांध्यासाठीं वापरतात त्या जातींत एका साखळींत सुमारें दोन लक्ष किंवा त्याहूनहि अधिक कर्बाचे अणु असतात. प्रत्येक अणूऐवजीं एकेक सेंटिमीटरचा मणी कल्पिला तर ती माळ दोन किलोमीटर लांब होईल. पिशवीची माळ त्या मानानें कितीतरी पटींनीं आंखूड. अशा लांब माळा एकमेकींत गुंतून बसल्या म्हणजे त्यांतून एखादी ओढून काढणें कठीण होतें. सुताचा गुंता जितका लांब धाग्यांचा, तितका तो तोडावयास कठीण. सांध्यांतील प्लॅस्टिकचें सारें बळ या लांबींत आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण पुढें जो बिघाड मी सांगणार आहें, तो साखळ्या तुटून आंखूड होण्याचाच आहे.

पहिला शत्रु म्हणजे साधी झीज. सहाणेवर चंदन उगाळतांना एका फेऱ्यांत किती चंदन गेलें हें दिसत नाहीं. पण वर्षानुवर्षें पूजा करणाऱ्या घरांतील खोडाकडे पाहिलें म्हणजे कळतें. कृत्रिम सांध्यावर वर्षाला सुमारें दहा लक्ष पावलांचा भार पडतो असा हिशेब संशोधक धरतात. जुन्या जातीच्या प्लॅस्टिकची वाटी वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजे. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. परंतु हिशेब करून पाहूं. गोळा २८ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्या मध्यच्छेदाचें क्षेत्रफळ सुमारें ६१५ चौरस मिलिमीटर होतें. त्याला एक दशांशानें गुणलें म्हणजे वर्षाला सुमारें ६१ घन मिलिमीटर प्लॅस्टिक जातें. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढें. आतां हे दोन-तीन दाणे आख्खे पडत नाहींत. त्यांचें पीठ होतें, आणि पीठहि असें कीं त्यांतील बहुतेक कण मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान. एवढ्या पिठाला दहा लक्ष पावलांनीं भागलें तर एकेका पावलागणिक कांहीं लक्ष कण सांध्यांत सांडतात असा अंदाज निघतो.

या कणांचें शरीर काय करतें? आपल्या शरीरांत भक्षक पेशी असतात. जंतु, मेलेल्या पेशी, बाहेरून आलेला कचरा, जें परकें दिसेल तें गिळून पचविणें हें त्यांचें काम. पॉलिएथिलीनचा मोठा तुकडा त्यांना गिळतां येत नाहीं, म्हणून त्याच्याभोंवतीं शरीर एक वेष्टण करून स्वस्थ बसतें. पण बारीक कण गिळण्याजोगा असतो. पेशी तो गिळते आणि मग पंचाईत होते. कारण हें प्लॅस्टिक पचविणारा कोणताहि पाचकरस शरीरापाशीं नाहीं. तेव्हां ती पेशी क्षुब्ध होऊन मदतीसाठीं हांका मारूं लागते. या हांका म्हणजे तिच्यांतून स्रवणारीं रासायनिक द्रव्यें. हाडामध्यें नेहमीं दोन प्रकारचे कामकरी राबत असतात; एक हाड बांधणारे गवंडी आणि दुसरे जुनें हाड पाडणारे. निरोगी स्थितींत दोघांचें काम समतोल चालतें. भक्षक पेशींच्या हांकांनीं पाडणारे चेतवले जातात आणि कृत्रिम सांध्याच्या मुळाशीं असलेलें निरोगी हाड विरूं लागतें. प्लॅस्टिकनें हाड खाल्लें असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणूं. पण वस्तुतः प्लॅस्टिकच्या भुकटीवर चिडलेलें आपलेंच शरीर आपलें हाड खातें. हाड गेलें म्हणजे सांधा ढिला पडतो. भिंत पोखरली असतां खुंटी हलूं लागावी तसा.

या रोगाचें खरें कारण सांपडावयास बराच काळ गेला. पुष्कळ सांधे हाडांत पक्के करण्यासाठीं एक निराळें प्लॅस्टिक सिमेंटसारखें वापरतात. हाड विरलेलें दिसलें तें या सिमेंटच्या शेजारीं; म्हणून दोष सिमेंटवर गेला. १९८७ च्या सुमारास ‘सिमेंटचा रोग’ असें नांवहि त्याला पडलें होतें. उपाय म्हणून सिमेंटवांचून बसणारे सांधे वापरांत आले. पण त्यांच्याभोंवतींहि हाड विरूं लागलें, तेव्हां सिमेंट निर्दोष ठरलें नाहीं तरी मुख्य आरोपी दुसराच आहे हें उघड झालें. तपासणींत पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कण ढिगांनीं आढळले.  हे कण गिळण्याजोगे होते.

आतां दुसरा शत्रु. हा अधिक चमत्कारिक. कारण तो मनुष्यानें सद्बुद्धीनेंच घरांत घेतला. शरीरांत घालावयाची वस्तु निर्जंतुक हवी, यांत वाद नाहीं. प्लॅस्टिकची वाटी उकळून किंवा तीव्र वाफेनें शुद्ध करूं गेल्यास तिचा आकार बिघडण्याचें भय. म्हणून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ती डबींत बंद करून डबीसकट गॅमा किरणांखालीं धरण्याची पद्धति रूढ झाली. किरण आरपार जातात, जंतु मरतात, डबी उघडावी लागत नाहीं. सोय उत्तम होती. परंतु जे किरण जंतु मारतात तेच प्लॅस्टिकच्या लांब साखळ्याहि ठिकठिकाणीं तोडतात. तुटलेल्या ठिकाणीं कर्बाचा एक हात मोकळा राहतो आणि तो हात स्वस्थ बसत नाहीं. शेजारीं तसाच मोकळा हात भेटला तर दोन साखळ्यांमध्यें आडवा टांका पडतो, आणि तें हिताचें असतें. पण डबींत हवा असते व हवेंत प्राणवायु असतो. प्राणवायूनें तो हात धरला कीं प्लॅस्टिक कुजण्याच्या वाटेला लागतें.

ही वाट आपल्या स्वयंपाकघरांतील ओळखीचीच आहे. शेंगदाण्याचें तेल उघडें राहिलें म्हणजे खवट होतें. तेलांतहि कर्बाच्या साखळ्याच असतात. प्राणवायु एका साखळीला बिघडवितो, बिघडलेली साखळी शेजारणीला बिघडविते, आणि एकदां सुरू झालेलें हें काम आपोआप वाढत जातें. सांध्याचें प्लॅस्टिक याच रीतीनें खवट होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, तेल खवटलें तर नाकाला कळतें, येथें वास नाहीं कीं चव नाहीं. साखळ्या तुटतात, आंखूड होतात आणि चिवट पदार्थ ठिसूळ होतो. यांत विशेष हें कीं, ही क्रिया सांधा रुग्णाच्या शरीरांत जाण्यापूर्वीं, नुसत्या डबींत, कोठाराच्या फळीवर पडल्या पडल्याहि चालू असे. जी डबी वर्षानुवर्षें फळीवर राहिली, तिच्यांतील चकती शस्त्रक्रियेच्या दिवशींच म्हातारी झालेली असे. बाहेरून ती पांढरी शुभ्र व नवीकोरीच दिसे.

१९९० नंतरच्या दशकांत, शरीरांतून काढलेल्या चकत्यांचे पातळ काप संशोधकांनीं प्रकाशापुढें धरले तेव्हां पृष्ठभागाखालीं एक-दोन मिलिमीटरांवर एक पांढरा पट्टा दिसूं लागला. तोच सर्वांत अधिक कुजलेला थर. आतां खुबा व गुडघा यांतील भेद आठवावा. खुब्यांत गोळा वाटींत सर्वांगानें टेकतो, भार पसरतो, म्हणून तेथें झीज बहुधा पिठासारखी होते. गुडघ्यांत वक्र धातु जवळजवळ सपाट चकतीवर थोड्या जागेंत टेकतो, आणि अशा गडगडणाऱ्या भाराचा सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर न पडतां पृष्ठभागाच्या किंचित् खालीं पडतो. म्हणजे जेथें ताण अधिक तेथेंच पट्टा ठिसूळ. त्यामुळें गुडघ्याच्या चकत्यांचे पापुद्रे सुटूं लागले. भिंतीच्या ओल्या गिलाव्याचे सुटतात तसे. कांहीं चकत्या तर झिजून आरपार गेल्या आणि धातूवर धातु घासूं लागला.

कारण कळलें तेव्हां उपायहि निघाले. १९९५ च्या सुमारास बहुतेक कारखान्यांनीं हवेंत किरण देणें सोडलें. कोणी डबींतील हवा काढून नत्रवायु भरूं लागले, कोणी निर्वात वेष्टण वापरूं लागले, कोणी किरणांऐवजीं वायूनें निर्जंतुक करूं लागले. मग संशोधकांनीं शत्रूलाच चाकरीला ठेवलें. किरणांनीं आडवे टांकेहि पडतात हें आपण पाहिलें. तेव्हां शुद्धीला लागते त्याच्या दोन-तीन पट मात्रा देऊन मुद्दाम पुष्कळ टांके पाडावयाचे. गोधडीला दाट टांके घातले म्हणजे तिचे थर सरकत नाहींत, तसें. नंतर प्लॅस्टिक तापवून उरलेले मोकळे हात एकमेकांत मिटवून टाकावयाचे. असें दाट टांक्यांचें प्लॅस्टिक १९९८-९९ पासून खुब्यांत वापरांत आलें. त्याची झीज वर्षाला एक दशांश मिलिमीटराच्या निम्म्याहूनहि कमी आढळली, आणि हाड विरण्याचा प्रकार फार मागें पडला. पण फुकट कांहींच मिळत नाहीं. पूर्ण वितळेपर्यंत तापवावें तर मोकळे हात मिटतात, पण पदार्थाची भेगा सोसण्याची शक्ति कमी होते. वितळूं न देतां तापवावें तर शक्ति राहते, पण कांहीं हात मोकळेच उरतात. हा पेंच सोडविण्यासाठीं प्लॅस्टिकमध्यें ई जीवनसत्त्व मुरविण्याची युक्ति निघाली व २००७ पासून असे खुबे वापरांत आले. वनस्पतितेलांत हेंच जीवनसत्त्व निसर्गतः असतें आणि तेलाला खवटपणापासून कांहीं काळ वांचवितें. घरांतील तेल आणि सांध्यांतील चकती यांचें नातें किती जवळचें आहे हें यावरून दिसेल. गुडघ्यांत मात्र या नव्या प्लॅस्टिकचा लाभ खुब्याइतका स्पष्टपणें सिद्ध झालेला नाहीं. तेथें जुन्या घडणीचें, पण हवेपासून जपलेलें प्लॅस्टिकहि चांगलें काम देतें.

एवढ्यानें लढाई संपली काय? नाहीं. सांध्यांतील रसामध्यें स्निग्ध द्रव्यें असतात. तीं हळूहळू प्लॅस्टिकमध्यें मुरतात आणि प्राणवायूच्या संगतीनें तेथेंहि बिघाडाला आरंभ करूं शकतात, असें काढलेल्या सांध्यांच्या तपासणींत आढळलें आहे. शिवाय मनुष्याची हयगय आहेच. अमेरिकेंतील एक्झॅक्टेक या कंपनीला २०२१ व २०२२ सालीं गुडघ्याच्या व घोट्याच्या चकत्या मोठ्या संख्येनें परत मागवाव्या लागल्या. कारण काय, तर निर्वात पिशवींत प्राणवायूला अडविणारा जो एक जादा थर असावयास हवा होता, तो त्या पिशव्यांत नव्हता. आणि हें २००४ पासून चालत आलें होतें. नव्वदच्या दशकांत जगानें जो धडा घेतला तो एका पिशवीच्या पापुद्र्यांत विसरला गेला. त्याच वेळीं असेंहि सांगण्यांत आलें कीं, ज्यांचा सांधा ठीक चालला आहे त्यांनीं केवळ भीतीनें तो काढून घेऊं नये; मात्र लक्ष ठेवावें.

कोणी विचारील कीं, मग हें प्लॅस्टिक काढूनच कां टाकूं नये? तोहि प्रयोग झाला आहे. धातूच्या वाटींत धातूचा गोळा घालून पाहिला. तेव्हां धातूच्या कणांनीं भोंवतालच्या मांसाला इजा केली, आणि २०१० सालीं ‘एएसआर’ या नांवाचा तसा एक खुबा जगभरांतून परत मागवावा लागला. चिनी मातीच्या जातीचे दोन्ही भाग घेतले तर झीज अत्यल्प. पण क्वचित् ते तडकतात, क्वचित् कुरकुरतात. प्रत्येक पदार्थाचें कांहीं देणें असतेंच. प्लॅस्टिकचें देणें हें कीं, तें फेड मागतांना ओरडत नाहीं.

हाच आजच्या भाषणांतील मुख्य मुद्दा आहे, आणि तो मी थोडा विस्तारानें सांगतों. नैसर्गिक सांधा बिघडला तर दुखतो. दुखणें हा त्याचा पहारेकरी. प्लॅस्टिकला मज्जातंतु नाहींत. तें झिजतें तेव्हां दुखत नाहीं. त्याच्या भुकटीपायीं हाड विरूं लागतें तेव्हांहि पुष्कळदां दुखत नाहीं. मनुष्य हिंडतो, फिरतो, आपला सांधा उत्तम आहे असें सांगतो, आणि आंत खुंटीची भिंत पोखरली जात असते. दुखूं लागतें तें सांधा ढिला झाल्यावर किंवा हाड मोडल्यावर. तोंपर्यंत वाट पाहिली तर दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते. कारण नवी खुंटी ठोकावयास भिंतच उरत नाहीं. याउलट वेळींच ध्यानांत आलें आणि धातूचे भाग हाडांत पक्के असले, तर कित्येक वेळां नुसती प्लॅस्टिकची चकती किंवा अस्तर बदलून भागतें. पहिली गोष्ट सत्तरीच्या मनुष्याला अंथरुणाला खिळवूं शकते. दुसरी त्याला थोड्याच आठवड्यांत पुन्हां पायांवर उभें करते. दोहोंमधील अंतर पुष्कळदां वेळेवर काढलेल्या एका एक्स-रेएवढें असतें.

एक्स-रेमध्यें प्लॅस्टिक स्वतः दिसत नाहीं. पण दोन धातूंमधलें अंतर दिसतें. तें अंतर पूर्वींच्या चित्रापेक्षां कमी झालें, किंवा गोळा वाटीच्या मध्यावरून एका बाजूला सरकला, तर प्लॅस्टिक किती झिजलें हें वैद्य ताडतात. हाडांत कोठें पोकळ डाग पडला तर तोहि दिसतो. परंतु यासाठीं जुनें चित्र जवळ असावें लागतें. आपल्या घरांतून एक्स-रेचें पाकीट चार वर्षें माळ्यावर पडतें आणि पांचव्या वर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीबरोबर जातें. तसें होऊं देऊं नये. शस्त्रक्रियेच्या कागदांत सांध्याचें नांव, माप व कारखान्याचा क्रमांक असलेल्या चिठ्ठ्या चिकटविलेल्या असतात. त्यांची एक प्रत मागून घेऊन घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी. उद्यां एखाद्या क्रमांकाचे सांधे परत मागविले गेले, तर आपल्या आईच्या गुडघ्यांत काय आहे हें त्या चिठ्ठीवांचून कोण सांगणार?

तेव्हां ज्यांच्या घरांत असा सांधा आहे त्यांनीं वैद्यानें नेमून दिलेल्या अंतरानें तपासणीला जावें. दुखत नसलें तरी जावें, किंबहुना दुखत नाहीं म्हणूनच जावें. शस्त्रक्रियेला दहा-पंधरा वर्षें झालीं असतील तर हें अधिकच खरें. चालतांना नवीन दुखणें, सूज, सांधा दगा देतो असें वाटणें, आंतून खटखट होणें, पाय आंखूड वाटूं लागणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास वयावर लोटून स्वस्थ बसूं नये. प्रत्येक दुखणें प्लॅस्टिकमुळेंच होतें असें नाहीं. जंतुसंसर्ग व इतर कारणेंहि असतात, आणि तीं ओळखणें वैद्याचें काम. शरीराचें वजन आटोक्यांत ठेवणें, धांवणें व उड्या टाळणें, आणि जमिनीवर मांडी घालून बसावें कीं नाहीं हें आपल्या सांध्याच्या बनावटीप्रमाणें वैद्याला विचारून ठरविणें, एवढें रुग्णाच्या हातीं आहे.

हें सर्व ऐकून कोणाच्या मनांत भय उत्पन्न झालें असेल तर तें दूर करणें माझें कर्तव्य आहे. २०१९ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत ऑस्ट्रेलिया व फिनलंड या देशांतील नोंदवह्यांवरून काढलेले आंकडे प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें शंभरांपैकीं सुमारें ५८ खुबे आणि ८२ गुडघे पंचवीस वर्षें टिकतात. शिवाय ज्या सांध्यांना पंचवीस वर्षें झालीं ते जुन्या घडणीचे. आजचे त्याहून चांगले असण्याचा संभव आहे. मनुष्यानें बनविलेली, दुरुस्त होऊं न शकणारी, दरवर्षीं दहा लक्ष वेळां दाबली जाणारी वस्तु पाव शतक टिकावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या वृद्धेला देवळापर्यंत जातां येत नव्हतें ती आपल्या पायांनीं प्रदक्षिणा घालते, हें त्या चकतीचें उपकारच आहेत. परंतु उपकार करणाऱ्याची विचारपूस करणें हा आपला जुना शिष्टाचार आहे. जी चकती स्वतः कधीं तक्रार करणार नाहीं, तिची चौकशी आपणच वेळोवेळीं केली पाहिजे.